चार बोटं साल

४ फेब्रुवारी, मंगळवार

सालीचा हंगाम सुरू. नाल्याकाठच्या अठ्ठावीस बाभळींपैकी आज दोन उतरवल्या. सुरुवात वाकडीपासून, दरवर्षीसारखी. कामावरच्या बुधाने मोगरीने खोड ठोकून साल सैल केली, भाऊने कोयता चालवला, मी बारदानं मांडली. म्हणजे नेहमीचंच. घाम त्यांचा, वही माझी.

भाऊ, माझा थोरला, चौऱ्याहत्तरचा झाला तरी कोयता कुणाच्या हातात देत नाही. डावखुरा. वर एक आडवा घाव, खाली एक, मध्ये उभी चीर, आणि बोटं घालून साल ओढली की आतून लाल ओलं निघतं. झाडाला मात्र एका बाजूला चार बोटं साल तशीच ठेवायची, वरपासून खालपर्यंत. तिला आम्ही वाट म्हणतो. त्या वाटेने झाडाचं चालतं, साल हळूहळू भरून येते. वाट तोडली की झाड गेलं. उभं राहतं, पण गेलं.

"चार बोटं सोडी दे रे, नाना." हे तो मला मी सात वर्षांचा असल्यापासून सांगतोय. आज तासाभरात पाच वेळा सांगितलं. मी कोयता धरलेलाही नव्हता.

बुधाने माझ्याकडे पाहिलं. मी बारदानाकडे.

९ फेब्रु., रवि.

कोल्हापूरकडून कदममामांचा फोन. चपलेचं चामडं कमावतात, तीस वर्षं आमची साल घेतात. होळीच्या आधी गाडी पाठवा म्हणाले. बाकीचे सगळे रसायनावर गेले, दोन दिवसांत चामडं तयार. काहीजण नीलगिरीकडची वॅटलची पावडर आणतात, तीही झाडाच्या सालीचीच. तिकडे त्या झाडाची शेतीच करतात म्हणे, ओळीने लावायचं, ओळीने तोडायचं. मामा म्हणाले, पावडरीने चामडं होतं, पण बाभळीचा तांबूस रंग येत नाही. बरं वाटलं ऐकून. आमच्याकडे कोण काय चांगलं बोलतं आजकाल.

भाऊला सांगितलं. म्हणाला, कोण कदम?

मग वाळत घातलेल्या सालीचा तुकडा तोंडात टाकला, चावला, तोंड आवळून थुंकला आणि म्हणाला, ही वाकडीची, उगवतीच्या बाजूची. बरोबर होतं.

११ फेब्रु., मंगळ.

काय लिहू.

सकाळी उशिरा नाल्यावर गेलो. खालच्या अंगाची जोडबाभूळ, तिच्या एका खोडाची साल पूर्ण गोल काढलेली. वाट ठेवलेलीच नाही. गुडघ्यापासून छातीपर्यंत उघडं लाल लाकूड. आणि साल चोरीला गेलेली नाही. तिथेच, आतली बाजू उन्हाकडे करून नीट पसरलेली. हा कसला चोर?

भाऊ दुपारी आला, पाहिलं आणि मटकन खाली बसला. "हाई कोन करं? झाडना जीव लिधा." एवढं म्हणून त्या उघड्या लाकडावर हात फिरवत राहिला.  रात्री जेवला नाही.

१५ फेब्रु.

अजून दोन. तशीच, गोल.

बुधाने शेण-माती कालवून लेप दिला, वर ओलं बारदान गुंडाळलं. काही उपयोग नाही हे त्यालाही माहीत, मलाही. तो जखमेजवळ बराच वेळ वाकून बसला होता. काही दिसलं का विचारलं तर म्हणाला, नाही.

भाऊ घरी हातात काठी घेऊन ओट्यावर बसलाय. चोर या रस्त्यानेच जाणार म्हणतो.

१७ फेब्रु., सोम.

आज उजाडताना गेलो. चोर धरायचाच म्हणून.

भाऊ होता.

तिसऱ्या रांगेतल्या बाभळीशी उभा. डोक्याला टापशी, धोतर वर खोचलेलं. कोयता डाव्या हातात. वर घाव, खाली घाव, चीर. मग उरलेली चार बोटं, वाट, तीही. एका दमात. साल पूर्ण नळीसारखी उलगडून हातात आली आणि तिच्याकडे पाहून तो हसला. एवढा खुश मी त्याला वहिनी गेल्यापासून पाहिलेला नाही.

मी ओरडलो नाही. धावलो नाही. का नाही, ते मला सांगता येणार नाही. त्याचा हात इतका नीट चालला होता. घरी सदऱ्याची बटणं लावताना हात चुकतो.

शेवटी जवळ जाऊन विचारलं, भाऊ, काय करतोस?

"बापूनी सांगेल शे. हाई बठ्ठी रांग काढनी शे. तू उभा का शे? मोगरी ले."

बापू, म्हणजे आमचे वडील, जाऊन बत्तीस वर्षं झाली. ते असताना एकदा बैलगाड्यांच्या लाकडासाठी अख्खी एक रांग पाडली होती. पाडायच्या झाडाची साल आधी पूर्ण गोल काढतात, वाट ठेवायचा प्रश्नच नसतो. मग कुऱ्हाड. भाऊ तेव्हा तिशीत होता. आज पहाटे तो तिथे होता, त्या वर्षात. मी तिथे नव्हतो, तरी मला मोगरी घे म्हणाला.

मी घेतली. चार ठोके दिले. देवाशपथ खरं लिहितोय.

दुपारी भाऊ नाल्यावर आला तेव्हा इथला होता, आजचा होता. पुन्हा खाली बसला. पुन्हा तेच विचारलं, कोणी केलं. मी बारदानं गोळा करायला लागलो.

१८ फेब्रु.

बायकोला, सुमनला सांगितलं. ती भाकरी थापत होती, थांबली नाही. म्हणाली, मला दिवाळीपासून वाटतंय, दोनदा चहा घेऊन झाला नाही म्हणतात. मग पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, धूर झाला.

धूर नव्हता. शेगडी गॅसची आहे.

कोयता लपवला, कोठीत, पोत्यांखाली. भाऊने सगळं घर पालथं घातलं. सायंकाळी ओट्यावर बसून रडला, लहान मूल रडतं तसा. बापूचा कोयता आहे तो. काढून दिला. आधी फरशीवर घासून धार बोथट केली.

तासाभरात दगड घेऊन बसला आणि धार लावून मोकळा. धार लावायची तो विसरलेला नाही.

१९ फेब्रु., बुध.

आजचं लिहायला नको वाटतंय, पण लिहिलं पाहिजे.

संध्याकाळी पारावर आठ-दहा जण होते. माजी सरपंच, दूधवाला, दोंडाईच्याहून आलेले कुणाचे पाहुणे. बाभळींची गोष्ट गावभर झालेली. कुणीतरी विचारलं, मग लागला का तपास? भाऊ म्हणाला, लागला.

"बुधानं काम शे हाई. त्याना शिवाय तठे कोयता कोन चालाडस?"

बुधा पाराखालीच उभा होता, माझी वाट पाहत. उद्या कुठल्या झाडाला हात घालायचा ते विचारायला. पंचवीस वर्षं आमच्याकडे. भिल्लाच्या वस्तीतला, पण आमच्या नाल्यावर त्याचाच पाय जास्त.

तो म्हणाला, "भाऊ, मी नही." मग माझ्याकडे बघितलं. सगळ्यांनीच माझ्याकडे बघितलं. मी कोण, तर मालकाचा भाऊ, वही लिहिणारा, शाळेत अकरावीपर्यंत गेलेला, ज्याचं बोलणं गावात ऐकतात तो.

मी म्हणालो, बघू, उद्या बघू.

उद्या बघू!

बुधा गेला. घरी आलो तर ओट्यावर त्याची मोगरी ठेवलेली होती. स्वच्छ पुसून.

२० फेब्रु.

बुधा आला नाही. मी जाणार होतो, गेलो नाही.

२३ फेब्रु., रवि.

भाऊची मुलगी मंगल, एरंडोलला दिलेली, तिला फोन केला. आधी रडली. मग म्हणाली, काका, एवढ्यात गावात बोलू नका. तिच्या मुलीला बघायला लोक यायचेत. आजोबाचं डोकं फिरलंय कळलं तर काय म्हणतील. निदान आखाजीपर्यंत, अक्षय्य तृतीयेपर्यंत थांबा.

तिचं चुकलं असं म्हणवत नाही. आणि खरं सांगायचं तर मला सबब मिळाली. तिच्या पदराआड लपलो मी, साठ वर्षांचा घोडा.

२७ फेब्रु.

भाऊला धुळ्याला नेलं. डॉक्टर तरुण, बोलायला चांगले. त्यांनी विचारलं, आज वार कोणता. भाऊ म्हणाला, तुम्हाला माहीत नाही का? डॉक्टर हसले. मग घड्याळ काढायला सांगितलं, कागदावर. गोल नीट काढला. आकडे सगळे एका बाजूला.

गोळी दिली. याने बरं होत नाही, आजार फक्त सावकाश वाढतो, म्हणाले. सकाळच्या वेळी गोंधळ जास्त असेल. भांडू नका, दुरुस्त करू नका. मी विचारलं, हातात कोयता असेल तर? ते म्हणाले, तो देऊ नका.

सोपं आहे इथे खुर्चीत बसून.

येताना नरडाण्याला चहाला थांबलो. भाऊ म्हणाला, बुधासाठी भजी घे, त्याला आवडतात. घेतली. घरी येईपर्यंत गार झाली, कुणी खाल्ली नाहीत.

२ मार्च

मी रोज पहाटे भाऊबरोबर जातो आता. तो कोयता चालवतो, मी वाटेवर हात ठेवून उभा राहतो. चार बोटं झाकून. भाऊ चिडतो, हात काढ म्हणतो. मी काढत नाही. माझ्या हातावर तो कोयता मारणार नाही, एवढं अजून शिल्लक आहे.

साल उतरवायला दोन माणसं नरडाण्याहून आणली. ठोकतात दगड फोडल्यासारखं. सालीचा भुगा करून ठेवला.

बुधाच्या घरी गेलो शेवटी. तो नव्हता. त्याची बायको अंगण सारवत होती, मान वर केली नाही. रावेरकडे केळीच्या कामावर गेलाय म्हणाली. कधी येणार? आखाजीला. बस की म्हणाली नाही. नेहमी म्हणते.

१० मार्च, सोम.

कदममामांची गाडी भरायची म्हणून सकाळी अंगणातच अडकलो. सुमन भाऊवर लक्ष ठेवून होती. ती दूध उतू जाईल म्हणून आत गेली तेवढ्यात हा मागच्या दाराने.

तीन झाडं. तिन्ही गोल. त्यात बापूने लावलेली पहिली, थोरली.

आता सात झाली.

नळीसारख्या निघालेल्या त्या सालीही वाळल्या होत्या आधीच्या. ढिगात टाकल्या, गाडीत गेल्या. ठेवून काय करायचं होतं. माल चांगला होता. हे वाक्य लिहून स्वतःचीच लाज वाटली.

१८ मार्च

मामांचा फोन. माल पोचला, रंग चांगला सुटतोय. मग म्हणाले, नाना, काही साली पूर्ण गोल आल्यात. झाडं पाडली का? तुम्ही तर पाडत नाही.

म्हटलं, हो, पाडली सात. नाल्याचं रुंदीकरण आहे.

तीस वर्षांत त्यांच्याशी पहिली थाप. सहज निघाली तोंडातून.

मामा म्हणाले, पाडा बाबा, सगळेच पाडतायत.

६ एप्रिल

दोंडाईच्याच्या रोपवाटिकेतल्या माणसाला आणलं. त्याने पाहिलं, चुकचुकला. म्हणाला, एक करता येईल. त्याच झाडाच्या कोवळ्या फांद्या घेऊन जखमेच्या खालून वर पुलासारख्या जोडायच्या, दोन्ही टोकं सालीत खुपसून, मेण लावून बांधायच्या. आंब्याला, पेरूला लागतं. एवढ्या जुन्या बाभळीला लागेल याची खात्री नाही.

दोघांनी मिळून थोरलीला बांधलं, चार ठिकाणी. भाऊ बाजूला बसून बघत होता. म्हणाला, हे काय करता? म्हटलं, वाट करतोय. तो हसला. वाट करता येत नाही रे, ती सोडायची असते. आणि मला जवळ बोलावून, गुपित सांगावं तसं, कशी सोडायची ते सगळं सांगितलं. एक अक्षर चुकलं नाही.

ऐकत बसलो. दुसरं काय करणार.

सातही झाडं हिरवीगार आहेत अजून. पाला, शेंगा, सगळं. शेळ्या खाली शेंगा खातायत. कुणी नवखा आला तर म्हणेल, काय झालंय यांना? डॉक्टरकडून येताना भाऊला भेटलेले लोकही असंच म्हणाले, तब्येत तर छान दिसते.

२२ एप्रिल, मंगळ.

रावेरला जाऊन आलो. राहवेना. सुमनच म्हणाली, जा, नाहीतर रोज माझं डोकं खाल. नरडाण्याहून गाडी, जळगावला बदलली, रावेरला उतरून रिक्षा. ऊन मरणाचं. केळीच्या बागेत मात्र गारवा होता.

बुधा घड वाहत होता, खांद्यावर गादी ठेवून. मला पाहिलं, घड ट्रॅक्टरपाशी नेऊन ठेवला, मग आला. पाणी विचारलं. मी घरून तयार केलेलं सगळं बोललो, की भाऊ आजारी आहे, विसरतो, त्यानेच केलं, मी स्वतः पाहिलं, तू मनावर घेऊ नको, चल परत.

तो म्हणाला, पहिल्याच दिवशी कळलं होतं. डाव्या हाताचा घाव आहे तो, उलटीकडून उतरतो. पंचवीस वर्षं शेजारी उभं राहून तो हात बघितलाय.

मग तू बोलला का नाहीस, मी विचारलं. विचारायला नको होतं.

"भाऊ इसरी गया, नाना. तुम्हीन ते इसरेल नव्हतात."

केळीच्या पानांतून टपटप पाणी पडत होतं, ठिबकची नळी कुठे फुटली असावी. मी तिकडे बघत राहिलो.

मग त्याने शांतपणे सांगितलं. त्याची पोरं त्याच गावात राहतात. दूध घालायला गेली तर लोक हसतात, कोयतेवाल्याची म्हणतात. रागावून बोलला असता तर बरं झालं असतं. "जठे माले चोर म्हनं, तठेच सांगा. मंग देखसू."

जाताना केळ्याची फणी दिली, भाऊसाठी. माझ्यासाठी नाही हे कळलं मला.

३० एप्रिल, आखाजी

मंगल आली परवाच. मुलीचं जमलं नाही, दुसऱ्याच कारणाने. म्हणजे माझी सबब संपली.

सकाळी बापूंच्या नावाने घागर भरली, वर डांगर म्हणजे खरबूज ठेवलं, सांजोरीचा नैवेद्य. भाऊ बाजूला उभा. कुणाची घागर, विचारलं. म्हटलं, बापूंची. तो चमकला.

"बापू ते नालावर शे."

मंगल आत निघून गेली. मी घागर तशीच भरत राहिलो. डॉक्टर म्हणाले होते दुरुस्त करू नका.

संध्याकाळी पारावर गेलो. सण म्हणून सगळे होते, बाहेरगावची पोरंही आलेली. भाऊला घरी ठेवून जायचं ठरवलं होतं, तो मागून आलाच, नवी टोपी घालून. बुधा पाराच्या त्या बाजूला, त्याच्या लोकांत. आलाय हे पाहिलं आणि परत फिरावंसं वाटलं.

तरी बोललो. उभं राहून. म्हणालो, बाभळींची साल बुधाने काढली नाही. भाऊने काढली. त्याला आठवत नाही, त्याला आजार आहे, धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलंय. आणि मी हे फेब्रुवारीपासून जाणतो. त्या दिवशी इथे बसून मी गप्प राहिलो, ती चूक माझी.

 माझं बोलणं ऐकतात ना गावात. ऐकलं.

भाऊ शेजारीच बसला होता. त्याने सगळं नीट कान देऊन ऐकलं, मान हलवली आणि समाधानाने म्हणाला, "मी ते म्हनतच व्हतू. बुधा तसा मानूस नही."

दोघं-तिघं हसले. चांगल्या मनानेच हसले असतील. मला मात्र तिथेच जमिनीत जावंसं वाटलं. लोकांसमोर त्याला उघडा केला आणि त्याला ते कळलंही नाही. कळलं असतं तर बरं की हे बरं, अजून ठरत नाही.

बुधा तोवर निघून गेला होता.

१२ मे

बुधा आला. ओट्याशी उभा राहून मोगरी मागितली. दिली. उद्या येतोस का, विचारलं. तो भाऊला म्हणाला, उद्या येतो, भाऊ.

माझ्याशी कामापुरतं. नाना म्हणत नाही. काही म्हणतच नाही.

१६ मे

आता पहाटे आम्ही तिघं जातो. हंगाम संपलाय, साल काढायची नाही, तरी जातो. भाऊला चोर धरायचाय. त्याने पहारे वाटून दिलेत. वरच्या बांधावर बुधा, खालच्या बाजूला मी, मध्ये थोरलीखाली तो, मांडीवर कोयता घेऊन. उन्हं चढेपर्यंत बसतो. कुणी येत नाही.

काल म्हणाला, तुम्ही दोघं आहात म्हणून चोर घाबरला.

२५ मे, रवि.

जोडबाभळीचं ते खोड पिवळं पडलं. चार दिवसांत. काल हिरवं होतं असं वाटतं. दुसरं खोड, वाट ठेवलेलं, तसंच आहे.

थोरलीचे पूल पाहिले. तीन काळे पडलेत. चौथ्याला नख लावलं तर आत किंचित हिरवं. किंवा मला तसं दिसलं. बुधाला बोलावलं. त्याने नख लावलं, बोट पुसलं आणि बांधावर परत गेला.

३ जून, मंगळ.

आज भाऊ सकाळी शुद्धीत होता. असं क्वचित होतं, आणि मला त्या सकाळींची जास्त भीती वाटते.

जोडबाभळीचा पाला सगळा खाली. भाऊ तिच्याजवळ गेला. जखमेच्या वरच्या काठावरून बोट फिरवलं, घावाघावावरून. मग कोयता उचलला. मी पुढे झालो. पण त्याने मारला नाही, नुसता त्या जुन्या घावात धार टेकवली. उजव्या हाताने टेकवली, बसली नाही. डाव्यात घेतला. बसली.

किती वेळ तसाच उभा होता. बुधा वरच्या बांधावरून उतरून आला आणि थोडा लांब थांबला.

भाऊने कुणाकडे पाहिलं नाही. कोयता मुठीकडून माझ्यापुढे धरला.

"नाना, हाऊ तुनाजोडे ठेव. मी मांगसू तरी देऊ नको."

एवढंच. मग बुधाकडे गेला, त्याच्या खांद्यावर हात ठेवून चालायला लागला, घराकडे.  मी मागून, कोयता पंच्यात गुंडाळून.

पेटीत ठेवला, कुलूप लावलं. सुमनला म्हटलं, संपलं एकदाचं. ती म्हणाली, काय संपलं?

४ जून, बुध., सकाळ

साडेसात. घाईत लिहितोय.

उठल्यापासून भाऊ कोयता शोधतोय. कोठी, माळा, गोठा, पलंगाखाली. सुमनने समजावलं, ऐकत नाही. बुधा आत्ताच मोगरी घेऊन आला, पायरीशी उभा राहिला, आणि भाऊ ओट्यावरून रस्त्याला ऐकू जाईल असं म्हणाला, कोयता बुधाच घेऊन गेला.

दूधवाला थांबला. समोरच्या घरातून कुणीतरी डोकावलं.

बुधाने भाऊकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघितलं.

या वेळी बोललो. लगेच. म्हणालो, त्याने नाही नेला, भाऊ. माझ्याकडे आहे, पेटीत. तूच काल दिलास माझ्या हातात.

भाऊने माझ्याकडे पाहिलं. राग गेला चेहऱ्यावरचा. मला वाटलं आठवलं.

"मंग दे."

आणि हात पुढे केला, डावा.

किल्ली आणतो म्हणून आत आलोय आणि हे लिहीत बसलोय. किल्ली माझ्या बंडीच्या खिशातच आहे. खिडकीतून दिसतंय, भाऊ तसाच उभा आहे, हात पुढे करून. बुधा पायरीवर. सुमन हाक मारते आहे, अहो, किती वेळ.